रोपांचीही 'नॉर्मल रेंज' असते

रक्ततपासणीचा कागद हातात पडला की रुग्ण आधी शेवटचा रकाना पाहतो. तिथे 'नॉर्मल रेंज' छापलेली असते. आपला आकडा तिच्या आत की बाहेर, यावर त्या घराची त्या रात्रीची झोप ठरते. डॉक्टरला मात्र ठाऊक असते की ही रेंज म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. गर्भवतीच्या थायरॉईडचा आकडा वेगळ्या मापाने पाहावा लागतो. मैदानी प्रदेशातून लेहला जाऊन काही महिने राहिलेल्या माणसाचे हिमोग्लोबिन पुण्या-मुंबईच्या मापाने जास्त भरते, कारण तिथल्या विरळ हवेत त्याच्या मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त पाझरते आणि रक्तपेशी वाढतात. याच उंचीवर शेकडो पिढ्या राहिलेल्या तिबेटी लोकांत मात्र एका जनुकाचे वेगळे रूप आढळते. त्यामुळे त्यांचे रक्त तितके दाट होत नाही आणि दाट रक्ताचे धोकेही टळतात. संप्रेरक तेच, उंचीही तीच, पण शरीराने काढलेला मार्ग निराळा.

हे सगळे आठवण्याचे कारण वनस्पतिशास्त्रात आहे. आरोग्याच्या या सदरात वनस्पतींचे काय काम, असे कोणी विचारेल. पण ताटातला भात ही आरोग्याची पहिली पायरी आहे, आणि तो भात पुढच्या पन्नास वर्षांत कुठे, किती पिकेल हे बऱ्याच अंशी रोपांतल्या संप्रेरकांच्या कमी-जास्त प्रमाणावर ठरणार आहे. त्यांचीही नॉर्मल रेंज असते, आणि ती गावागणिक, नदीगणिक, मातीगणिक बदलते.

वेड्या रोपांपासून सुरुवात

वनस्पतींना ग्रंथी नसतात. पण संप्रेरके असतात. मुळे-फांद्यांची दिशा ठरवणारे ऑक्झिन, पेशींचे विभाजन चालवणारे सायटोकायनिन, उंची वाढवणारे जिबरेलिन, दुष्काळात पानांची छिद्रे मिटवणारे अॅबसिसिक आम्ल आणि फळ पिकवणारा इथिलीन वायू ही त्यांतली ठळक नावे. मात्रा अत्यल्प, परिणाम मोठा, हा संप्रेरकांचा नियम तिथेही लागू आहे.

यांतल्या जिबरेलिनचा शोध एका रोगातून लागला. जपानमध्ये भाताची काही रोपे अचानक ताडमाड वाढत, फिकट पडत आणि दाणा न धरताच कोलमडत. शेतकरी त्यांना 'वेडी रोपे' म्हणत. हा एका बुरशीचा प्रताप होता. १९२६ साली एइची कुरोसावा यांनी दाखवून दिले की बुरशी नसली, नुसता तिचा स्राव असला तरी रोप तसेच वाढते. पुढे १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिले. नंतर कळले की हे द्रव्य निरोगी रोपे स्वतःही तयार करतात. बुरशी फक्त त्याचा अतिरेक करते. आमच्या भाषेत सांगायचे तर वेडी रोपे हा संप्रेरकाच्या अतिरेकाचा आजार होता.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे द्रव्य परके नाही. नाशिक-सांगलीचा द्राक्ष बागायतदार मण्यांचा आकार वाढवण्यासाठी जे 'जीए' वापरतो ते जिबरेलिक आम्लच. कोकणात हापूसला दरवर्षी मोहोर यावा म्हणून झाडाच्या बुंध्याभोवती जे 'कल्टार' देतात, ते नेमके उलटे काम करते. ते झाडात जिबरेलिन तयार होऊ देत नाही, पालवी रोखली जाते आणि मोहोराला वाव मिळतो. म्हणजे एकाच संप्रेरकाची मात्रा एकीकडे वाढवून आणि दुसरीकडे घटवून आपण दोन फळांची शेती करतो. आपण हे बाटलीतून करतो. निसर्ग हेच काम जनुकांतून करत आला आहे.

एक जनुक, तीन स्वभाव

भाताच्या रोपात जिबरेलिन तयार होण्याच्या शेवटच्या टप्प्यांपैकी एक टप्पा 'एसडी-१' या जनुकावर अवलंबून असतो. हे जनुक कसे आहे यावर रोपाचा स्वभाव ठरतो.

पहिला स्वभाव आपल्या सगळ्यांच्या पोटात गेलेला आहे. १९६६ साली फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 'आयआर-८' हे बुटके वाण दिले. त्याचे बुटकेपण एका जुन्या तैवानी वाणातून आले होते. २००२ साली उलगडा झाला की त्या वाणाच्या एसडी-१ जनुकातून ३८३ अक्षरांचा तुकडा गळालेला आहे. त्यामुळे रोपात जिबरेलिन कमी बनते आणि ते ठेंगणे राहते. जुनी उंच वाणे खत दिले की लोंबीच्या भाराने लोळत. हे ठेंगणे रोप खत पचवून उभे राहिले. गव्हातही हरितक्रांती बुटकेपणानेच घडवली, फक्त तिथे जिबरेलिन कमी झालेले नव्हते. जपानच्या 'नोरिन-१०' वाणातून आलेल्या आणि नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत वापरलेल्या जनुकांमुळे रोप जिबरेलिनला दाद देईनासे झाले. मधुमेहात इन्सुलिन कमी पडणे वेगळे आणि इन्सुलिनला शरीराने न जुमानणे वेगळे, तसाच हा फरक आहे. तांदूळ पहिल्या प्रकारचा, गहू दुसऱ्या.

दुसरा स्वभाव बांगलादेशातला. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात पावसाळ्यात शेतात माणूस बुडेल इतके पाणी चढते आणि काही महिने तसेच राहते. तिथे खोल पाण्याचा भात पिकतो. पाणी चढेल तसा तो वाढतो, दिवसाला २० ते २५ सेंटिमीटरपर्यंत, आणि कांडी पोकळ नळीसारखी लांबवून शेंडा पाण्याबाहेर ठेवतो. हे कसे घडते, ते २०१८ साली जपानच्या नागोया विद्यापीठातील मोतोयुकी आशिकारी यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. इथिलीन हा वायू आहे. हवेच्या तुलनेत पाण्यातून वायू सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतात. रोप बुडाले की त्याने तयार केलेले इथिलीन बाहेर पडू शकत नाही, आतच साठते. 'आपण बुडालो आहोत' ही खबर रोपाला अशी मिळते. खोल पाण्याच्या भातात एसडी-१चे असे रूप असते की ही खबर मिळताच ते जोरात कामाला लागते, जिबरेलिनचा पूर येतो आणि कांडी ताणली जाते. आयआर-८ मध्ये मोडलेले तेच जनुक इथे अधिक तल्लख झालेले आहे. हे रूप कोणी प्रयोगशाळेत घडवलेले नाही. ते रानटी भातात आधीपासूनच होते, खोल पाण्यात बी पेरणाऱ्या शेतकऱ्यांच्या निवडीतून ते तिथे स्थिरावले.

तिसरा स्वभाव आपल्या ओडिशातला. तिथल्या नद्यांना पूर येतो, पण तो महिनोन्‌महिने राहत नाही. आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतो. अशा पुरात उंच वाढण्याची धडपड महागात पडते. रोप साठवलेली सगळी साखर वाढीवर उधळते, आणि पाणी उतरले की अशक्त, लांबलचक काड्या चिखलात आडव्या होतात. ओडिशातील धालपुटिया या गावरान वाणाने दुसरा मार्ग काढला होता. बुडाले की वाढ थांबवायची, शिलकीवर जगायचे, पाणी उतरले की पुन्हा फुटायचे. या वाणातून निवडलेले 'एफआर-१३ए' १९४०च्या दशकापासून ज्ञात होते. त्याच्या या सहनशक्तीमागचे 'सब-१ए' हे जनुक २००६ साली ओळखले गेले. डेव्हिड मॅकिल, पामेला रोनाल्ड आणि ज्युलिया बेली-सेरेस यांच्या गटांनी ते काम केले. गंमत अशी की हेही जनुक इथिलीनच्याच खबरीने जागे होते. पण ते जिबरेलिनला वाट देण्याऐवजी त्याच्या कामाला लगाम घालते.

खबर एकच, 'पाणी चढले'. एका गावचे रोप म्हणते धाव, दुसऱ्या गावचे म्हणते श्वास रोख. यातले बरोबर कोण, हे रोपाकडे पाहून सांगता येत नाही. नदीकडे पाहूनच सांगता येते. ओडिशाचे रोप बांगलादेशच्या खोल पाण्यात दोन-तीन आठवड्यांत संपेल. बांगलादेशचे रोप ओडिशाच्या अल्पकाळच्या पुरात थकून आडवे होईल. आणि ठेंगणे सुधारित वाण दोन्हीकडे बुडेल.

फायद्याबरोबर तोटाही

प्रत्येक मात्रेची काही किंमत असते, हे औषधे देणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. वनस्पतीही ती मोजतात. त्यांच्यातले सॅलिसिलिक आम्ल, म्हणजे आपल्या अॅस्पिरिनचे सख्खे भावंड, रोगजंतूंशी लढण्याचा इशारा देणारे संप्रेरक आहे. अरेबिडोप्सिस ही मोहरीच्या कुळातली बारकी रानवनस्पती शास्त्रज्ञांची आवडती. जर्मनीतील ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी २०१० साली तिच्या निरनिराळ्या प्रदेशांतल्या रोपांची तुलना केली. काही ठिकाणच्या रोपांत प्रतिकारयंत्रणा कायम सज्ज ठेवणारे जनुकाचे रूप सापडले. ती रोपे अनेक प्रकारच्या जंतूंना दाद देत नाहीत, पण त्यांची पाने लहान राहतात आणि त्यांवर आपोआप चट्टे पडतात. रोगराई असेल तिथे हा सौदा फायद्याचा, नसेल तिथे तोट्याचा. म्हणून निसर्गाने दोन्ही रूपे टिकवली.

विदर्भात आणि नंदुरबारमध्ये काम केलेल्या कुठल्याही डॉक्टरला इथे सिकलसेल आठवेल. एका पालकाकडून आलेले जनुक मलेरियाच्या जीवघेण्या रूपापासून बरेच संरक्षण देते, दोन्हीकडून आले तर आजार होतो. ज्या जंगलपट्ट्यांत मलेरिया होता, तिथेच ते जनुक टिकले. त्याला सरसकट 'खराब जनुक' म्हणणे जसे अर्धवट ज्ञान आहे, तसेच उंच, लोळणाऱ्या, कमी दाण्याच्या गावरान भाताला 'मागास वाण' म्हणणे.

गव्हाच्या ठेंगणेपणाचीही किंमत आहे. नोरिन-१०ची जनुके असलेल्या गव्हाचा कोंब आखूड असतो. कोरडवाहू जमिनीत ओल खाली गेली की शेतकरी बी खोल पेरतो, आणि आखूड कोंब वर पोहोचायला कमी पडतो. ओलिताच्या रानात हा दोष दिसत नाही, कोरड्या रानात दिसतो. म्हणून आज संशोधक गव्हाच्या बुटकेपणाची दुसरी, कोंब आखूड न करणारी जनुके शोधत आहेत.

याचा अर्थ हरितक्रांती चुकली असा मुळीच नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत अन्नधान्याचे उत्पादन वाढले नसते तर आमच्या रुग्णालयांतल्या कुपोषणाच्या खाटा कितीतरी जास्त भरल्या असत्या. गावरान ते सगळे सोने, असेही नाही. ओडिशाचे एफआर-१३ए पुरात टिकायचे, पण त्याचे उत्पन्न कमी आणि दाणाही लोकांच्या पसंतीचा नव्हता. शहाणपण होते ते दोघांना एकत्र आणण्यात. पूर्व भारतात लाखो शेतकरी 'स्वर्णा' हे वाण घेत. त्याच्याशी संकर करून, प्रत्येक पिढीत जनुकाची खूण तपासत, फक्त सब-१ए त्यात आणले गेले. बाहेरचे जनुक घुसवलेले हे 'जीएम' वाण नव्हे, साधा संकरच तो, फक्त डोळस. 'स्वर्णा-सब-१' भारतात २००९ साली प्रसारित झाले. सुमारे दोन आठवडे बुडाले तरी ते पुन्हा फुटते आणि पूर न आल्यास उत्पन्नातही मार खात नाही. साठेक वर्षांपूर्वी कोणी धालपुटियाचे बी 'कमी उत्पन्नाचे' म्हणून टाकून दिले असते, तर आज हे जनुक शोधायला जागाच उरली नसती.

एका भीतीविषयी

संप्रेरक हा शब्द ऐकला की ओपीडीत हमखास एक प्रश्न येतो, 'डॉक्टर, हार्मोन मारलेली द्राक्षे खाऊन मुली लवकर वयात येतात का हो?' वनस्पतींची संप्रेरके आणि आपली संप्रेरके यांची कुलुपे वेगळी, किल्ल्या वेगळ्या. जिबरेलिन आपल्या शरीरात इस्ट्रोजेनचे काम करत नाही. भात, गहू, द्राक्षे, भाज्या यांत ते नैसर्गिकरीत्या असतेच. कीटकनाशकांचे अवशेष आणि फळे पिकवायला वापरले जाणारे, कायद्याने बंदी असलेले कॅल्शियम कार्बाइड हे खरे काळजीचे विषय आहेत. कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसयुक्त अशुद्धी असू शकतात. त्याऐवजी ठरलेल्या मर्यादेत इथिलीन वायूने फळे पिकवायला परवानगी आहे, कारण झाड स्वतः हेच करते. भीती योग्य जागी ठेवली की खऱ्या धोक्याकडे लक्ष जाते.

नोंदवहीत काय असावे

आता महाराष्ट्राकडे येऊ. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेच्या पुराने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानपट्ट्यात रोवलेले धान पाण्याखाली गेले. हवामान बदलाबरोबर थोड्या वेळात कोसळणारा पाऊस आणि त्याच हंगामात लांबणारी उघडीप, दोन्ही वाढत आहेत. पीक गेले की त्याची नोंद तलाठ्याच्या पंचनाम्यात होते. शासकीय रुग्णालयात ती वेगळ्या रूपात दिसते. रक्तदाबाची गोळी बंद केलेला माणूस, तपासणीला न आलेली गर्भवती, 'पीक विकून ऑपरेशन करू' म्हणून पुढे ढकललेला हर्निया. शेतातले रोप किती दिवस पाणी सोसते हा प्रश्न म्हणूनच माझ्यासारख्या डॉक्टरलाही परका वाटत नाही.

या पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या नजरेविषयी शंका घ्यायला जागा नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या मोजक्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बी जपले आणि त्यातून 'एचएमटी' तांदूळ उभा राहिला. निसर्गातला फरक ओळखणे आणि राखणे हेच वाणसंवर्धनाचे मूळ काम, ते त्यांनी कुठल्याही पदवीशिवाय केले. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणांची बँक उभारली आणि २०२० साली पद्मश्री मिळवली. गोव्याच्या खाजण जमिनीत खारे पाणी सोसणारा कोरगुट अजून तग धरून आहे. या प्रत्येक बियाण्यात तिथल्या पाण्याचा, मातीचा आणि उन्हाचा हिशेब लिहिलेला आहे. त्यातला संप्रेरकांचा हिशेब आपण अजून फारसा वाचलेला नाही.

तो वाचायचा तर काही गोष्टी आजच करता येतील. २००२च्या जैविक विविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतींनी जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. अनेक नोंदवह्यांत वाणाचे नाव येते आणि तिथेच नोंद संपते. नुसत्या नावाचा रुग्णपत्रिकेत जितका उपयोग, तितकाच इथे. वाण किती दिवस पाण्याखाली तगते, उशिरा पाऊस आला तर किती थांबते, काढणीच्या पावसात लोंबीवरच कोंब फुटतात का, खाऱ्या पाण्यात काय होते, या चार-पाच प्रश्नांची उत्तरे जुन्या शेतकऱ्यांना, विशेषतः बी राखणाऱ्या बायांना, तोंडपाठ असतात. ती लिहून घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. कृषी विद्यापीठांनी या नोंदींवरून वाणे निवडून तपासावीत, आणि ती विद्यापीठाच्या ओलिताच्या प्लॉटवर न तपासता, जिथे पाणी तुंबते त्या गावातच तपासावीत.

फिलिपाइन्सच्या बीजपेढीत सव्वा लाखाहून अधिक भाताचे नमुने थंडीत जपले आहेत. दिल्लीतही राष्ट्रीय बीजपेढी आहे. त्या हव्यातच. पण थंडीत ठेवलेले बी बदलत्या पावसाशी जुळवून घ्यायला शिकत नाही. ते शिकते शेतात, दरवर्षी पेरले गेले तर. म्हणून गावरान वाणाचा एखादा वाफा राखणाऱ्या शेतकऱ्याला त्या वाफ्यापुरता थेट मोबदला मिळायला हवा. २००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येते. ते कागद भरायला तालुका कृषी कार्यालयाने त्याच्यासोबत बसायला हवे.

उपचारांत एकच मात्रा सगळ्यांना देणे आम्ही केव्हाच सोडले. वय, वजन, मूत्रपिंड, गर्भ पाहून मात्रा ठरते. बियाण्यांच्या बाबतीत मात्र अजूनही एकाच वाणाची शिफारस अख्ख्या विभागाला केली जाते. येत्या खरिपाआधी निदान पूररेषेतील गावांची यादी घेऊन, तिथे कोणते पाणी किती दिवस थांबते हे पाहून वाणांची शिफारस वेगळी करावी. त्यासाठी लागणारे विज्ञान आपल्याजवळ आहे, बीही बरेचसे आहे. ते पेरणाऱ्याच्या हातात वेळेत पोहोचवणे एवढेच बाकी आहे.